भांडवल आणि वाटाड्या

'भांडवल' या शब्दाच्या पोटात 'भांड' आहे. संस्कृतात भांड म्हणजे मडके, तसाच विक्रीचा मालही. भांडवल म्हटले की आज आपल्याला शेअर बाजार आठवतो. शब्दाला मात्र मालाची टोपली आठवते. सकाळी उधारीवर माल भरायचा, दिवसभर विकायचा, संध्याकाळी उधारी चुकवून जे उरेल त्यात घरचे पीठमीठ आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बांगलादेश, केनिया, घाना, टोगो अशा देशांत कोट्यवधी कुटुंबे आजही या चक्रावर जगतात. नोकरी देणारा कारखाना जवळपास नसतो, म्हणून ती धंदा करतात.

या माणसांच्या धंद्याला बाहेरच्यांनी हातभार कसा लावावा, हा या लेखाचा विषय. गेली पन्नास वर्षे त्याचे एक सोपे उत्तर दिले गेले: त्यांना छोटे कर्ज द्या, पुढचे ते पाहून घेतील. या उत्तराचा काही भाग खरा ठरला, काही खोटा, आणि जो भाग खोटा ठरला त्याची किंमत गरिबांनी मोजली. आता पुरेसा अनुभव जमला आहे. पैसा केव्हा कामाला येतो, केव्हा गळफास होतो, आणि पैशाबरोबर कोण चालत आले पाहिजे, हे आज बऱ्यापैकी ठामपणे सांगता येते.

वाचकहो, विषय आपल्याला परका नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी भिशी चालवली. तीच रीत घानात 'सुसू', केनियात 'चामा' आणि टोगोसारख्या फ्रेंच चालणाऱ्या देशांत 'तोंतीन' या नावाने चालते. वडोदऱ्याच्या वाचकांना तर १८८९ हे साल सांगायला नको. त्या वर्षी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली. परस्परांना कर्ज देणारी भारतातली ही बहुधा पहिली मंडळी. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली, म्हणजे तिच्यानंतर १५ वर्षांनी. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन पत निर्माण करायची, ही कल्पना आपल्या घरची आहे. तिचे जगभर झालेले रूप समजून घेण्यासाठी मात्र बांगलादेशात जावे लागते.

१९७४ च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात हिंडू लागले. तेथे बांबूची आसने विणणारी एक बाई त्यांना भेटली. एका आसनाला पाच टक्यांचा बांबू लागे. तेवढेही पैसे तिच्याकडे नसत. ते व्यापारी देई, पण एका अटीवर: तयार आसन त्यालाच विकायचे, आणि तो म्हणेल त्या भावाने. दिवसभराच्या कामाचे तिच्या हाती ५० पैसे राहत. अशी किती माणसे गावात आहेत, याची युनूस यांनी यादी केली. ४२ जण निघाले आणि त्या सर्वांचे मिळून देणे भरले ८५६ टका, म्हणजे त्या वेळचे २७ डॉलर. १९७६ साली त्यांनी ते स्वतःच्या खिशातून दिले. तेथून ग्रामीण बँकेची सुरुवात झाली. १९८३ मध्ये ती रीतसर बँक झाली, आणि २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस व बँक यांना मिळून देण्यात आले.

जोब्राची गोष्ट नीट वाचली तर दिसते, की त्या बाईला कसब शिकवायचे नव्हते, गिऱ्हाईक शोधून द्यायचे नव्हते. तिची अडचण फक्त एक होती: कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच माणूस होता. पाच टक्यांनी ती गाठ सुटली. जेथे अडचण अशी आहे, तेथे छोटे कर्ज चमत्कार वाटावा इतके काम करते. चूक झाली ती पुढे. सर्वांची अडचण हीच आहे, असे गृहीत धरले गेले.

ग्रामीण बँकेची पद्धत सुटसुटीत होती. तारण नाही; पाच जणींचा गट; कर्ज मिळताच थोड्या दिवसांत आठवड्याचा हप्ता सुरू. ही पद्धत देशोदेशी गेली. परतफेड उत्तम होत होती, म्हणजे धंदेही उत्तम चालले असणार, असे सगळ्यांनी मानले. पण परतफेड होते याचा अर्थ धंदा चालतो असा होत नाही. माणूस हप्ता दुसऱ्याकडून उसने घेऊनही भरतो, जेवण कमी करूनही भरतो. शिवाय कर्ज घेणारी बाई मुळातच धडाडीची असते. ती पुढे गेली तर ते कर्जामुळे की तिच्या धडाडीमुळे, हे नुसते तिच्याकडे पाहून सांगता येत नाही.

यावर संशोधकांनी उपाय काढला तो चिठ्ठ्या टाकण्याचा. सारख्या वस्त्या निवडायच्या, चिठ्ठी टाकून निम्म्या वस्त्यांत कर्ज आधी द्यायचे, उरलेल्यांत नंतर, आणि मधल्या काळात दोन्हींची तुलना करायची. अशा परीक्षांपैकी सर्वांत गाजलेली परीक्षा हैदराबादेत झाली. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी शहरातल्या १०४ वस्त्या घेतल्या; निम्म्या वस्त्यांत 'स्पंदना' या संस्थेने शाखा उघडल्या. निष्कर्ष असा निघाला: कर्जामुळे लोकांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-पान-तंबाखूवरचा खर्च आवरला, आणि ज्यांचा धंदा आधीपासून बऱ्यापैकी चालत होता त्यांचा नफा वाढला. पण सरासरी कुटुंबाच्या खाण्यापिण्यात, मुलांच्या शाळेत किंवा घरात बाईच्या शब्दाला असलेल्या वजनात फरक दिसला नाही. २०१५ साली या परीक्षेबरोबर बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथल्या परीक्षांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. सूर सगळीकडे तोच होता: थोडा उपयोग, थोडी मोकळीक, गरिबीतून सुटका नाही.

हैदराबादकर वाचकांना पुढचे प्रकरण आठवत असेल. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात अनेक संस्था एकाच गावात कर्जे वाटू लागल्या. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फिटू लागला. वसुलीचा तगादा वाढला, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला. वसुली जवळजवळ थांबली आणि नवी कर्जे मिळणेही बंद झाले. ज्या बायकांनी प्रामाणिकपणे फेड केली होती, त्यांचीही वाट त्यात बुजली. मदतीच्या नावाने दिलेला पैसा गरिबाला आणखी खोलात नेऊ शकतो, हे त्या वर्षी आपल्या दारात सिद्ध झाले.

मग कर्ज वाईट का? तसेही नाही. कोलकात्यात एका संस्थेच्या कर्जदारांत एक लहानसा बदल करून पाहण्यात आला. काही गटांचा हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू केला, काहींचा दोन महिन्यांनी. रक्कम तीच, व्याज तेच. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा उशिरा हप्ता सुरू झालेल्यांचा धंद्यातला नफा सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त होता. कारण उघड आहे. पंधरवड्यात हप्ता भरायचा असेल, तर ज्यात पैसा उद्याच सुटेल अशाच मालात तो घालावा लागतो. शिलाईयंत्र घेतले तर ते काम आणीपर्यंत वेळ लागतो, आणि तो वेळ आठवड्याच्या हप्त्यात नसतो. अर्थात दुसरी बाजूही आहे: मुदत दिलेल्यांत कर्ज बुडवणारेही वाढले. सवड दिली की जोखीम येते, आणि ती कोणीतरी उचलावी लागते. येथेच देणगीच्या पैशाचा खरा उपयोग आहे. बँक जी जोखीम घेऊ शकत नाही, ती देणगीदार घेऊ शकतो.

पैसा कोणाच्या हाती पडतो आणि कोणाच्या धंद्यात जातो, हाही प्रश्न आहे. श्रीलंकेत २००५ मध्ये छोट्या धंदेवाल्यांना १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांचे अनुदान देऊन पाहिले. पुरुषांच्या धंद्यात त्या पैशावर चांगला नफा सुटला. बायकांच्या धंद्यात काहीच सुटले नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला असता. पण नंतर श्रीलंका, भारत व घाना येथली माहिती पुन्हा तपासली, तेव्हा खरे कारण समजले. ज्या घरात बाईचा एकच धंदा होता, तेथे तिलाही तितकाच नफा झाला. जेथे नवऱ्याचाही धंदा होता, तेथे तिचा पैसा त्याच्या धंद्यात गेला होता. वहीत नाव तिचे, टोपली त्याची. आपल्या भागातल्या बचत गटांत बसलेल्या कोणत्याही बाईला हे नवीन वाटणार नाही.

येथवर पैशाचे झाले. आता सल्ल्याकडे वळू. गरीब धंदेवाल्याला 'व्यवसायाचे शिक्षण' द्यावे, हे म्हणायला फार सोपे. पण कोणते शिक्षण, आणि कोणाकडून?

घानाच्या राजधानीत, अक्रा शहरात, १६० शिंप्यांवर एक प्रयोग झाला. त्यांच्यापैकी काहींना वर्षभर एका बड्या लेखापरीक्षण संस्थेच्या सल्लागारांनी दुकानात येऊन मार्गदर्शन केले: हिशेब ठेवा, खरेदी व खर्च वेगळे लिहा. शिंप्यांनी ऐकले, काही दिवस वह्या भरल्या. नफा वाढला नाही. वर्षभराने बहुतेक जण आपल्या जुन्या रीतीवर परत आले. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो ज्या आकाराच्या धंद्यातून आला होता, त्या आकाराचा धंदा समोर नव्हता.

नैरोबीच्या दांदोरा वस्तीत नेमके उलटे केले गेले. शहराचा सर्वांत मोठा उकिरडा या वस्तीला लागून आहे. तेथे नुकताच धंदा सुरू केलेल्या बायकांचे गट पाडले. काहींना वर्गात बसवून व्यवसाय शिकवला. काहींची गाठ त्याच वस्तीतल्या, बरीच वर्षे धंदा करून स्थिरावलेल्या बाईशी घालून दिली. महिनाभर, आठवड्यातून एकदा भेटायचे, एवढेच. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. अनुभवी बाईशी भेटलेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. तिने शिकवले तरी काय? माल स्वस्त कोणाकडे मिळतो, कोणता ठोक व्यापारी भरवशाचा, काय घ्यायचे टाळायचे. ही माहिती पुस्तकात नसते. गल्लीत असते आणि दर महिन्याला बदलते. म्हणूनच ज्या जोड्यांच्या भेटी बंद झाल्या, त्यांचा फायदाही हळूहळू ओसरला. वाटाड्या एकदा वाट दाखवून गेला की काम झाले, असे या धंद्यात नसते. वाटच सरकत राहते.

टोगोची राजधानी लोमे येथे आणखी एक मार्ग तपासला गेला. १,५०० छोट्या धंद्यांचे चिठ्ठी टाकून तीन सारखे भाग केले. एका भागाला हिशेब, विक्री, वसुली असे नेहमीचे शिक्षण दिले. दुसऱ्याला मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेले पुढाकाराचे शिक्षण दिले: गिऱ्हाईक येईल म्हणून बसू नका, शेजारचा जे विकतो तेच विकू नका, उद्या अडचण कोठे येईल ते आज लिहून काढा. तिसऱ्या भागाला काहीच दिले नाही. दोन्ही वर्गांनंतर चार महिने शिक्षक महिन्यातून एकदा प्रत्यक्ष दुकानात जात होता. दोन वर्षांच्या तुलनेत पुढाकाराचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी अधिक होता. नेहमीच्या शिक्षणाचा परिणाम इतका थोडा होता की तो योगायोगापासून वेगळा काढता येईना. लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका बाईने त्याबरोबर हातमोजे आणि ओढण्याही ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आधीच दारात येत होते. त्याला आणखी काय लागते, हे विचारण्याची सवय नवी होती.

हिशेबाचा मुद्दा सोडून द्यावा, असे मात्र नव्हे. डोमिनिकन प्रजासत्ताकात, सांतो दोमिंगोमध्ये, छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला आणि दुसऱ्याला फक्त अंगठ्यावर मोजण्यासारखे नियम सांगितले. त्यांतला मुख्य नियम असा: घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. रीतसर जमाखर्चाचा परिणाम दिसला नाही. साध्या नियमांचा दिसला. 'गल्ल्याला घरासाठी हात लावायचा नाही' हे आपले जुने वाणी-उदमी मुलांना सांगत, त्यात एवढा अर्थ होता.

आता ज्यांच्याकडे धंदाच नाही, अशा सर्वांत गरीब घरांचे पाहू. त्यांना कर्ज देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडीचे वल्हे देणे. बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने, जिची स्थापना फझले हसन अबेद यांनी १९७२ साली केली, २००२ पासून अशा घरांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. कर्ज नव्हे, थेट गाय किंवा शेळ्या द्यायच्या. ती दुभती होईपर्यंत खाण्यापुरता थोडा भत्ता द्यायचा. पाळायचे कसे ते शिकवायचे. बचत करायला लावायची. आणि सुमारे दोन वर्षे संस्थेच्या माणसाने वरचेवर घरी जायचे. ही पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासली गेली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मदत संपल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी ही घरे आधीपेक्षा बरी खात होती, बरे कमवत होती. होंडुरासमध्ये फसले, कारण तेथे बहुतेकांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. घानात याच कार्यक्रमाचा एकेक तुकडा वेगळा करून पाहिला. नुसत्या शेळ्या दिल्या, बाकी काही नाही. टिकाऊ फायदा झाला नाही. नुसती बचत करायला लावली, तरी तेच. शेळी, भत्ता, शिक्षण आणि दारात येणारा माणूस, ही सगळी एकत्र आली तेव्हाच घर उभे राहिले.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत, अनेकांच्या हाताला दानाची सवय आहे. २००५ पासून 'किवा'सारख्या व्यवस्थेमुळे घरबसल्या २५ डॉलर एखाद्या दूरच्या धंदेवाल्याला कर्जाऊ देता येतात. फोटो पाहून मन हलते. पण त्या फोटोतल्या बाईला कर्ज बहुतेक वेळा स्थानिक संस्थेने आधीच दिलेले असते. आपला पैसा त्या संस्थेची थैली भरून काढतो. आपण व्याज घेत नाही. पण बाई त्या संस्थेला व्याज देतच असते. म्हणून फोटोपेक्षा संस्था पाहावी, आणि तिला चार प्रश्न विचारावेत.

पहिला: हप्ता केव्हा सुरू होतो, आणि खरे व्याज किती? '१२ टक्के' हा आकडा मूळ रकमेवर लावला आहे की उरलेल्या रकमेवर, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वर्षभर हप्ते भरणाऱ्याकडे सरासरी निम्मेच कर्ज उरलेले असते. त्यामुळे मूळ रकमेवरचे १२ टक्के प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट पडतात. दुसरा: या घरावर आणखी किती कर्जे आहेत, हे संस्था पाहते का? तिसरा: कर्जदाराच्या दारात कोण जाते, फक्त वसुली करणारा की धंद्यातले कळणारा, आणि तो त्याच बाजारातला आहे का? चौथा: गाय मेली, आजारपण आले, तर काय होते? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी संस्था गरिबाशीही सरळ वागण्याची शक्यता अधिक.

आणखी एक गोष्ट पैशाविना करण्यासारखी आहे. दांदोरातल्या त्या अनुभवी बायकांनी जे दिले, ते आपल्यातल्या अनेकांकडे साठून पडले आहे. इंदूरचे सियागंज, हैदराबादचा बेगम बाजार, बेळगावची रविवार पेठ, ग्वाल्हेरचा दाल बाजार: येथे कोणाकडे माल चांगला, कोण उधारी देतो, कोणाच्या तराजूवर विश्वास ठेवावा, हे आपल्या घरांना पिढ्यांपिढ्यांनी ठाऊक झाले आहे. आपले पूर्वज या शहरांत आले, तेव्हा त्यांनाही हे कोणीतरी सांगितलेच असेल. आज त्याच शहरांत परगावाहून आलेली, लोणची-पापड किंवा शिलाईवर घर चालवणारी एखादी बाई ही माहिती नसल्यामुळे रोज थोडी थोडी नागवली जाते. तिला आठवड्यातून एकदा तासभर भेटणे, आणि वर्षभर ते न मोडणे, हे संस्थेच्या वार्षिक देणगीपेक्षा अवघड आहे. उपयोग मात्र त्याचाच अधिक, असे दांदोराचा अनुभव सांगतो.